आधी संपणारा

मापाड्याच्या पिशवीच्या कोपऱ्याला पांढरे लागलेले मला दिसले ते रस्ता ओलांडताना. तो पलीकडच्या फुटपाथवरून कारखान्याच्या मागच्या बाजूला, आपल्या खोलीकडे वळत होता. पिशवी जड असावी, कारण त्याचा उजवा खांदा खाली गेला होता. मला पाहून त्याने नेहमीसारखा हात वर केला, पण डावा. मीही हात वर केला. एवढेच झाले. एका मोटारीने भोंगा वाजवला आणि मी भानावर येऊन फुटपाथवर चढलो, तेव्हा तो दिसेनासा झाला होता. माणसाच्या पिशवीला काहीही लागू शकते. पीठ, चुना, दाताची पावडर. हे सगळे मी मनात म्हणूनही पाहिले. पण त्याआधीच, म्हणजे पांढरे दिसले त्याच क्षणी, छातीत काहीतरी खटकन बसले होते, दाराची कडी बसावी तसे. कारखान्यातला सोडा, असे मला वाटले होते. आणि वाईट याचे, की तसे वाटल्यावर थोडे हायसेही वाटले होते.

हायसे वाटण्याला कारण होते. आमचा कारखाना लहान. आम्ही खडूची भुकटी करतो, ती दंतमंजनवाले आणि रंगवाले घेतात. एका टाकीत कॅल्शियम क्लोराइड विरघळवायचे, दुसऱ्या टाकीत कोरडा धुण्याचा सोडा, दोन्ही पाणी एकत्र करायचे की खडू तळाशी बसतो आणि मीठ पाण्यात राहते. वरचे निवळ पाणी सोडून द्यायचे, खडू धुऊन वाळवायचा. एका घाण्याला एकशे सहा किलो सोडा आणि एकशे वीस किलो कॅल्शियम. हिशेबाने एकशे अकरा पुरते, पण कॅल्शियम आम्ही मुद्दाम थोडे जास्त घालतो, म्हणजे सोडा पुरता वापरला जातो, आणि कागदावर शंभर किलो खडू निघतो. धुण्यात तीनेक किलो जातो. सत्त्याण्णव किलो, वर्षानुवर्षे सत्त्याण्णव. आणि गेले पाच आठवडे एकोणऐंशी. पहिल्या दिवशी मला वाटले, गाळणी फाटली. गाळणी पाहिली. मग वाटले, वाळवणाऱ्याने सांडला. मग नेहमीप्रमाणे वाटले, मीच चुकलो. मी स्वतःवर फार लवकर संशय घेतो. कुलूप लावून चार पावले गेल्यावर परत येतो, पत्र पेटीत टाकल्यावर आत हात घालून पाहतो. पण त्या आठवड्यात मी माझी बेरीज-वजाबाकी सहा वेळा तपासली आणि ती सहाही वेळा बरोबर आली. तेव्हा, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, चूक माझ्या बाहेर आहे असे मला दिसले. आणि बाहेर म्हणजे कुठेतरी, कुणाच्या तरी हातात.

या कारखान्याच्या प्रयोगशाळेत येण्याआधी मी बारा वर्षे शाळेत शिकवत होतो. तिथे हा धडा माझा आवडता. पुस्तकात त्याला मर्यादक अभिकारक म्हणतात. मुलांचे चेहरे तो शब्द ऐकूनच मिटायचे, म्हणून मी फळ्यावर लिहायचो, ‘आधी संपणारा’. दहा पाकिटे आहेत आणि सात तिकिटे. पत्रे किती जातील? सात. तीन पाकिटे टेबलावर तशीच पडतील. जे आधी संपते ते ठरवते. जे उरते त्याला काही विचारत नाहीत. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मास्तर, उरलेली तीन बेअरिंग पाठवू, पैसे घेणारा भरेल!” वर्ग हसला, मीही हसलो, पण मनातून मला वाटले की तो मलाच हसतो आहे, कारण तेव्हा माझी बदली अडलेली होती आणि मी रोज पोस्टात जाऊन चौकशी करायचो हे मुलांना ठाऊक होते. अजूनही त्या हसण्याचा मला नीट उलगडा झालेला नाही. तर, आमच्या टाकीत आधी संपणारा सोडा. हे मला माझ्या जन्मतारखेसारखे पाठ. खडू कमी निघाला म्हणजे सोडा कमी पडला. उलटा हिशेब केला: धुण्यातले तीन धरून ब्याऐंशी किलो खडू, त्याला लागतो सत्त्याऐंशी किलो सोडा. तक्त्यावर लिहिलेले एकशे सहा. मधले एकोणीस किलो टाकीपर्यंत पोचलेच नाहीत. सोडा कोठीतून काढणारा, काट्यावर तोलणारा, टाकीत ओतणारा एकच माणूस. बत्तीस वर्षे तोच.

त्याला सगळे मापाडीच म्हणतात. तो मला मास्तर म्हणतो. कारखान्याच्या मागच्या खोलीत तो आणि त्याची विधवा बहीण राहतात. खोली नोकरीबरोबर मिळालेली, नोकरीबरोबर जाणारी. तो मोठ्याने बोलतो, टाकी ढवळताना स्वतःशी गुणगुणतो, आणि काट्याची सुई थांबेपर्यंत श्वास रोखून धरतो, जणू त्याच्या श्वासानेही वजन बदलेल. हे श्वास रोखणे मला पूर्वी आवडायचे. आता मी प्रयोगशाळेच्या काचेतून पाहू लागलो, तर तेच मला नाटकी वाटू लागले. एवढी काळजी माणूस कशाला दाखवील? कुणी पाहत असेल तरच ना? मी पाहतो आहे हे त्याला कळले असावे. तो मधूनच वर बघायचा आणि हसायचा. मी कागदात डोके घालायचो. एकदा तो दारात येऊन उभा राहिला, हात फडक्याला पुसत म्हणाला, “मास्तर, एक सांगू? हल्ली कॅल्शियमची टाकी पूर्वीसारखी तापत नाही. आधी पाण्यात ओतलं की हात लावायची सोय नसायची. आता आपलं कोमट.”

“हवा गार आहे,” मी म्हणालो.

“हवा कुठे गार आहे? तुमच्या कपाळावर घाम आहे.”

“बरं, बघतो.”

तो गेला. मी बघितले नाही. मी विचार करत बसलो की हा मला कॅल्शियमविषयी का सांगतो आहे. सोड्यावरचे लक्ष दुसरीकडे वळवायला? चोर दुसऱ्या गल्लीकडे बोट दाखवतो म्हणतात. आणि त्या दुपारी, मान खाली घालून चहा पिताना, मला टाकी ओसंडल्याचा तो जुना दिवस आठवला. वीस वर्षे झाली असतील. मी तक्त्यावर दशांशचिन्ह एक घर चुकवले होते. अर्धा घाणा जमिनीवर गेला. मालक, म्हणजे आताच्या मालकीण बाईंचे वडील, गावाला गेले होते. मापाड्याने पाण्याचा पाइप घेतला, तासाभरात फरशी धुऊन काढली, दुसरा घाणा लावला, आणि मला म्हणाला, “तुम्ही जरा बाहेर फिरून या, मास्तर, तोंड पांढरं पडलंय.” त्यानंतर वीस वर्षांत त्याने तो विषय काढला नाही. एकदाही नाही, थट्टेतसुद्धा नाही. मला त्याचे आभार मानायला हवे होते. पण खरे सांगायचे तर मी वीस वर्षे वाट पाहत होतो, तो कधी बोलतो याची. प्रत्येक वेळी तो काही मागायला आला, एक दिवस रजा, शिफारशीची दोन वाक्ये, की मला वाटायचे, आता काढेल. तो काढायचा नाही, आणि माझी भीती एक दिवस पुढे सरकायची. शत्रूविषयी माणूस इतका विचार करत नाही जितका झाकून घेणाऱ्याविषयी करतो. पांढरे लागलेली पिशवी पाहून हायसे वाटले ते बहुधा यासाठी. त्याचेही काही झाकायचे निघाले, म्हणजे फिटंफाट.

घरी मी विषय काढला तो इकडून तिकडून. बायको पुस्तकाला कव्हर घालत होती. माझी फाटकी पुस्तके ती जुन्या कॅलेंडरांत गुंडाळते. म्हणाली, “एकोणीस किलो? रोज?”

“रोज.”

“तो माणूस आहे की हमाल? आणि करतो काय त्याचं? बहिणीने धोबीघाट काढलाय का?”

“विकत असेल.”

“त्याची बहीण भेटली होती मला परवा. खोलीच्या भिंतीला ओल आलीय, चुना मारताहेत दोघं. ती सांगत होती, दादाच्या कमरेत उसण भरली चुन्याच्या पिशव्या वाहून.”

हा खुलासा इतका वेळेवर आला की मला तो खरा वाटेना. माझ्या बायकोला, जी माझी बायको आहे, तिलाच नेमके परवा हे कसे सांगावेसे वाटले? मी तसे बोललो नाही, पण बत्तीस वर्षांत तिला माझे न बोललेलेही वाचता येते. “धन्य आहे तुमची,” ती म्हणाली. “स्वतःवर विश्वास नाही हे ठाऊक होतं. आता दुसऱ्यावरही नाही. सोडा, सोडा म्हणता, पण सोडत काही नाही तुम्ही.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावले. बाई लहान असताना वडिलांबरोबर कारखान्यात यायच्या आणि माझ्या टेबलावर बसून गणिते करायच्या, तेव्हा मी त्यांना अगं म्हणत असे. त्या खुर्चीवर बसल्या त्या दिवसापासून अहो म्हणतो. त्या मला काकाच म्हणतात. समोर पाच आठवड्यांचे तक्ते पसरलेले होते.

“काका, माल जातो कुठे?”

मी हिशेब सांगितला. आवाज थरथरला नाही, याचे मला आश्चर्य वाटले.

“सोडा कुणाच्या हातात असतो?”

मी गप्प राहिलो. माझे गप्प राहणे त्यांनी उत्तर म्हणून घेतले, आणि ते तसे घेतले जाईल हे मला माहीत होते.

“मला एवढं लिहून द्या. मग मी बघते.”

मी लिहिले: ‘प्रत्येक घाण्यात सोडा सुमारे एकोणीस किलो कमी पडत आहे.’ खाली सही, तारीख. नाव कुणाचे लिहिले नाही, आणि याचे मला समाधानही वाटले. आपण फक्त आकडा लिहिला. आकडा कुणावर बोट दाखवत नाही. दारातून बाहेर पडताना पाय हलके होते, आणि जिन्यावर पोचेपर्यंत ते जड झाले.

त्या संध्याकाळी बायकोने विचारले, काय झाले. मी सांगितले. ती म्हणाली, “मला त्यातलं कळत नाही. पण तुम्ही टाकीत दोन वस्तू घालता ना? एकीचंच नाव घेताय. दुसरीचं काय?”

“दुसरी जास्तच असते. ती उरते.”

“उरलेली पाहिली का?”

मी हसलो. असे प्रश्न शाळेत मुले विचारायची, आणि मी म्हणायचो, शाब्बास, हाच तर प्रश्न आहे. कोण आधी संपला हे त्याला विचारता येत नाही, तो संपलेला असतो, उरलेल्याला विचारा. आमच्या निवळ पाण्यात कॅल्शियम उरले असेल तर सोड्याचे चार थेंब टाकताच ते दुधाळ होते. सोडा उरला असेल तर आम्लाच्या थेंबाने बुडबुडे येतात. दोन मिनिटांचे काम. प्रत्येक तक्त्यावर त्यासाठी रकाना आहे: ‘निवळ पाणी’. त्या रकान्यात मी लिहितो, ‘दुधाळ’. पहिली काही वर्षे मी रोज थेंब टाकून लिहीत असे. रोज दुधाळ. मग थेंब टाकण्याआधी लिहू लागलो आणि नंतर टाकू लागलो. मग केव्हा तरी, कोणत्या वर्षी ते मला आठवत नाही, थेंब राहून गेले आणि शब्द राहिला. अलीकडे मी दर सोमवारी सकाळी आठवड्याचे सहाही तक्ते घेतो आणि सहा वेळा ‘दुधाळ’ लिहून टाकतो. अक्षर चांगले येते तेव्हा. कुलपासाठी चार पावले परत येणारा मी, या रकान्याकडे कधी परत आलो नव्हतो. बायकोला मी म्हणालो, “हो, पाहिली.” आणि मग झोप आली नाही असे नाही, झोपलो, पण झोपेतही मी काहीतरी लिहीत होतो.

सकाळी कुणी यायच्या आत मी टाकीतून परीक्षानळीभर पाणी काढले. सोड्याचे थेंब टाकले. पाणी निवळच राहिले. मी नळी खिडकीकडे धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली. आणखी थेंब टाकले. काही नाही. मग दुसरी नळी भरली आणि आम्लाचा एक थेंब टाकला. बारीक बुडबुडे सरसरत वर आले, नळीच्या काठाशी फुटत राहिले, आणि त्यांचा आवाजही आला, अगदी बारीक, कुणीतरी खूप दूर कागद चुरगळावा तसा. सोडा उरला होता. एकशे सहाच्या एकशे सहा किलो टाकीत गेला होता, आणि त्यातला एकोणीस किलो काम न मिळून मोरीतून वाहून जात होता. पाच आठवडे. संपत होते ते कॅल्शियम.

मी कोठीत गेलो. कॅल्शियमची पोती नव्या व्यापाऱ्याची होती. जुना माल गोळ्या-गोळ्यांचा असायचा, हा पापुद्र्यांचा. पोत्यावरची अक्षरे बारीक होती. मी गुडघ्यावर बसून वाचली. नावापुढे लिहिले होते की हे स्फटिक आपल्याबरोबर पाण्याचे दोन रेणू वागवतात. म्हणजे शंभर किलो खडूला याचे एकशे अकरा नव्हे, एकशे सत्तेचाळीस किलो लागणार. एकशे वीस किलोतले एकोणतीस किलो निव्वळ पाणी, आणि शंभरऐवजी ब्याऐंशीच किलो खडू. तीन धुण्यात. एकोणऐंशी. आकडा असा जागच्या जागी बसला की मला क्षणभर आनंद झाला, लाज वाटण्याच्या आधी. मग सगळे आठवले. आधीच पाणी प्यालेला माल पाण्यात पडून कसा तापेल? आणि नमुना आला होता तेव्हा मापाडीच तो घेऊन आला होता. म्हणाला होता, “मास्तर, हा निराळा दिसतो. तोच आहे ना?” मी चिमूटभर विरघळवून पाहिला, कॅल्शियम आहे एवढे पाहिले, कागदावर अठ्ठ्याण्णव टक्के शुद्ध लिहिलेले पाहिले, आणि म्हणालो, “तोच आहे.” बारीक अक्षरे दिसत नाहीत हे त्याच्यासमोर कबूल करायला मला संकोच वाटला होता.

बाई आल्या तशा मी आत गेलो. मी बोलण्याआधी त्यांनी एक कागद पुढे सरकवला. “मिटलं, काका. काल संध्याकाळी बोलावलं होतं त्यांना. तुमची चिठ्ठी दाखवली. मला वाटलं भांडतील.” कागदावर मापाड्याचे मोठे, वळणदार अक्षर होते: ‘मास्तर म्हणतात त्याअर्थी वजनात माझ्याकडूनच चूक होत असणार. महिनाअखेर काम आणि खोली सोडतो.’

मी उभ्यानेच सगळे सांगितले. नमुना, पोते, रकाना. रकान्याचे दोनदा सांगावे लागले. बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या डोळ्यांत राग शोधत होतो, तो नव्हता; त्या मोजत होत्या. “काका,” त्या शेवटी म्हणाल्या, “आधीच्या वर्षांचे तक्ते?” मी मान खाली घातली. त्यांनी मापाड्याचा कागद मधोमध फाडला, माझी चिठ्ठी मात्र घडी करून खणात ठेवली. “मी नाही सांगणार त्यांना. तुम्ही जाऊन सांगा.”

तो काट्यापाशी होता. वीस किलोची लोखंडी वजने एकेक करून ठेवत होता, सुई थांबेपर्यंत श्वास रोखत होता. मला पाहून म्हणाला, “काटा बरोबर आहे, मास्तर. चार वेळा पाहिलं. मग माझा हातच फसवत असेल. वय झालं.”

“हात बरोबर आहे. मी चुकलो.”

मी सांगत होतो तसा त्याचा चेहरा उजळत गेला. मला वाटले सुटल्याचा आनंद असेल, पण तो म्हणाला, “अरेच्चा! म्हणून पाणी तापत नव्हतं होय? मी म्हणतोय काय झालं टाकीला!” आणि खरोखर हसला. मीही हसलो, आणि वाटले, झाले, एवढेच होते. मग त्याचे हसणे हळूहळू ओसरले. त्याने वजने उतरवली, एकावर एक रचली. “पाच आठवडे तुम्ही काचेतून बघत होतात,” तो म्हणाला. “मी बहिणीला म्हटलं, मास्तरांची तब्येत बरी दिसत नाही, काही बोलत नाहीत, नुसते बघत बसतात. ती म्हणाली, विचारून बघ. मी म्हटलं, भिडस्त माणूस आहे, कशाला विचारा.” त्याने वरचे वजन सरळ केले. “विचारायचं तुम्ही, मास्तर. एकदा विचारायचं.”

त्याने काट्यावरची धूळ फडक्याने पुसली.

“आता एक करा. उद्यापासून मी तोलताना इथं उभे राहत जा. सुई बघायची, मग मी टाकीत ओतणार. तुम्ही बघितल्याशिवाय मी आता ओतणार नाही.”

“त्याची गरज नाही हो. माझा तुमच्यावर पूर्ण…”

“मला गरज आहे,” तो म्हणाला.

तेव्हापासून मी रोज सकाळी काट्यापाशी उभा राहतो. कॅल्शियम आता एकशे एकोणसाठ घालतो, खडू पुन्हा सत्त्याण्णव निघतो, आणि निवळ पाण्यात मी रोज थेंब टाकतो. तो गुणगुणत नाही. “बघितलंत?” तो विचारतो. “बघितलं,” मी म्हणतो. तो माझ्याकडे न पाहता एकेक पोते उचलतो. असे दोन महिने चालले आहे, आणि मला वाटत होते की कधीतरी एका सकाळी तो मला नको म्हणेल, जा मास्तर, तुमचं काम करा म्हणेल. आज सकाळी सुई डोलत डोलत एकशे सहावर येऊन थांबली. त्याने श्वास सोडला. “बघितलंत?” सुई स्पष्ट दिसत होती, चष्म्याशिवायसुद्धा दिसली असती. मी ‘बघितलं’ म्हणायला तोंड उघडले, आणि माझे मलाच कळायच्या आत, खाली वाकून काट्याच्या पारड्याखाली काही लावलेले आहे का ते पाहिले. काही नव्हते. वर आलो तेव्हा तो शांतपणे उभा होता, पोत्यावर हात ठेवून, मी पुरते बघून होईपर्यंत थांबलेला.